ग्रुपमध्ये 60 जण, सहलीला चौघे : आमच्या फोटोग्राफी क्लबचं काय चुकतंय?

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याच्या एका भाऊंचा प्रश्न आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी तालुक्याच्या गावी हौशी फोटोग्राफरांचा क्लब काढला. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये 60 जण आहेत. पहिल्या सहलीला 22 आले होते, आता चौघे येतात. डीएसएलआरवाले, म्हणजे मोठ्या कॅमेऱ्यांचे, म्हणतात ताडोबाला वाघ बघायला चला, मोबाइलवाले म्हणतात आम्ही तिथे येऊन काय करू. ग्रुपवर रोज सूर्योदय आणि गुलाब पडतात, त्याखाली अंगठे. आता वर्गणी लावावी, स्पर्धा ठेवावी की शहरातून कुणाला बोलावून वर्कशॉप घ्यावं, असं ते विचारतात.

भाऊ, मी भंडारा जिल्ह्यातला, साकोलीकडचा. लग्नाचे फोटो काढून पोट भरतो, स्टुडिओला 26 वर्षं झाली. गेली 11 वर्षं आमच्या भागातला असाच एक क्लब सांभाळतो. सांभाळतो म्हणजे खोलीची किल्ली माझ्याकडे असते, एवढंच. आमचंही दुसऱ्या वर्षी अगदी हेच झालं होतं, म्हणून जरा लांबण लावतो.

तुम्ही विचारलंय माणसं का येत नाहीत. मला विचाराल तर तुमचा प्रश्न सहलीचा नाहीच. सहलीहून परत आल्यावर त्या फोटोंचं काय होतं, हे सांगा. दोनशे फोटो काढले, त्यातले चार ग्रुपवर टाकले, अकरा अंगठे आले, संपलं. एवढ्यासाठी रविवारी पहाटे चारला कोण उठेल? पहिल्यांदा उठतो, कारण नवलाई असते. दुसऱ्यांदा बायको विचारते, मागच्या वेळी काय आणलंत? त्याला उत्तर नसतं.

काही गोष्टी परिस्थितीवर असतात, त्या आधीच सांगतो. तुमच्याकडे नोकरदार जास्त की शेतकरी, यावर सगळं वेळापत्रक ठरतं. आमच्याकडे धानाचा, म्हणजे भातशेतीचा भाग. जुलैमध्ये रोवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली की अर्धा क्लब बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात असतो. तुमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणीला आला की तेच होणार. त्या महिन्यात माणसं आली नाहीत म्हणून रुसायचं नाही, क्लबनेच बांधावर जायचं. शिक्षक जास्त असतील तर परीक्षेचा मार्च सोडून द्या. बायका-मुली सभासद असतील तर अंधारात निघून अंधारात परतायच्या सहली फार करू नका, किंवा एखादी मोठी गाडी करून दोन-तीन घरच्या बायका मिळून येतील असं बघा. आमच्याकडे पाच वर्षं एकही बाई आली नव्हती आणि आम्ही म्हणायचो त्यांना आवड नाही. सहल सकाळी सहाऐवजी दुपारी साडेतीनला ठेवली तर चौघी आल्या.

आता ताडोबा. वाघाशी माझं वैर नाही, मीही जातो. पण क्लबची सहल म्हणून ताडोबा हा सगळ्यात वाईट पर्याय, हे पैसे घालवून शिकलोय. आम्ही तीन जिप्सी करून गेलो होतो. जिप्सीत सहा जण, वर गाइड आणि ड्रायव्हर. खाली उतरता येत नाही, जागा निवडता येत नाही, थांबायचं कुठे ते ड्रायव्हर ठरवतो. एका जिप्सीला वाघ दिसला, दोघींना नाही. ज्यांना दिसला त्यांच्यापैकी पाच जणांकडे 18-55 ची किट लेन्स, कॅमेऱ्यासोबत येते ती, लांबचं जवळ न आणणारी. घरी येऊन बघतात तर वाघ मुंगीएवढा. ज्याच्याकडे 600 एमएमपर्यंतची लांब पल्ल्याची झूम होती त्याचे फोटो खरोखर चांगले आले आणि पुढचे सहा महिने क्लबमध्ये एकच बोलणं चाललं, लेन्सचं. आठ जण याच काळात गळाले. एकाने मला तोंडावर सांगितलं, "भाऊ, लेन्स घेतली की येतो." अजून आलेला नाही. वर पावसाळ्यात कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंद, मंगळवारी सुट्टी, बुकिंग आधीपासून. ज्यांना जायचंय त्यांनी आपापलं जावं, क्लबच्या नावाने नको.

मग आम्ही काय केलं? गावापासून सहा किलोमीटरवरचा एक तलाव धरला आणि वर्षभर तिथेच गेलो. आमच्याकडे जिकडेतिकडे माजी मालगुजारी तलाव आहेत, लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. कोहळी समाजाने बांधलेले, शेकडो वर्षं जुने, अजून त्यांच्यावर धान पिकतो. आमचा तलाव नावाजलेला नाही, पर्यटक तिकडे फिरकत नाहीत. एका पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पिंपळ, खाली मारुती, पलीकडे ढिवरांचा, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांचा टोला, छोटी वस्ती. महिन्यातून एक रविवार, तीच पाळ. पहिल्यांदा सगळे म्हणाले, यात काढायचं काय? दोन चकरांत सूर्योदय, बगळा आणि पिंपळ संपले. गंमत तिथून सुरू झाली. सोपे फोटो संपल्याशिवाय माणूस बघायला लागत नाही.

एका नोव्हेंबरची गोष्ट सांगतो. पाण्यावर धुकं होतं. तलावात शिंगाड्याचे वेल पसरलेले आणि एक ढिवर ट्रकच्या ट्यूबवर बसून तोडणी करत होता. वेलाची एक चकती उचलायची, उलटी करायची, खालची फळं तोडायची, पुन्हा पाण्यात सोडायची. आम्ही सात जण कॅमेरे घेऊन पाळीवर ओळीने उभे. धुकं, मागून सूर्य, पुढे काळी आकृती. सगळ्यांना तेच दिसलं आणि सगळ्यांनी तेच काढलं. आमच्यात एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांच्याकडे साधा मोबाइल, झूम केला की चित्र फुटतं. ते खाली उतरून काठावर दगडावर बसले आणि बिडी ओढत राहिले. तासाभराने तो माणूस टोपली रिकामी करायला काठाला आला. गुरुजी त्याच्याशी भावाचं, पाण्याचं बोलले आणि मग त्याला विचारून त्याच्या हातांचा फोटो काढला. हातात हिरवे-लालसर शिंगाडे, बोटांची कातडी पाण्याने सुरकुतलेली आणि नखांच्या कडेला काट्यांचे ओरखडे. शिंगाड्याला काटे असतात, हे आमच्यातल्या निम्म्यांना तेव्हा कळलं. जन्म गेला उकडलेले काळे शिंगाडे खाण्यात.

पण तो फोटो चांगला आहे हे तलावावर कुणालाच कळलं नव्हतं, गुरुजींनाही नाही. ते कळलं पुढच्या रविवारी बैठकीत. माझं सगळं म्हणणं या बैठकीवर आहे. सहल हे निमित्त, क्लब बैठकीत होतो.

आमची बैठक अशी. सहलीनंतरच्या रविवारी संध्याकाळी सात वाजता, माझ्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत. प्रत्येकाने सहा फोटो आणायचे, सातवा नाही. ही सहाची अट फार कामाची आहे, कारण दोनशेतून सहा निवडताना जे शिक्षण होतं ते कुठल्या वर्कशॉपमध्ये होत नाही. सुरुवातीला टीव्हीला लॅपटॉप जोडून बघायचो. आता 4 बाय 6 चे प्रिंट काढतो आणि सतरंजीवर मांडतो. मला प्रिंट घरच्या भावात पडतात हे खरं, पण तुमच्याही गावात स्टुडिओवाला असेलच, त्यालाच सभासद करून घ्या. प्रिंटचा फायदा असा की दोन फोटो शेजारी ठेवता येतात, उचलून दुसऱ्या जागी मांडता येतात, म्हाताऱ्या माणसाला चष्म्याजवळ नेता येतात. पडद्यावर एक गेला की दुसरा येतो, मागचा विसरतो.

बोलायचे नियम दोनच. ज्याचा फोटो त्याने आधी गप्प बसायचं. "त्या वेळी असं झालं होतं की" हे नाही. बाकीच्यांनी सांगायचं की नजर आधी कुठे जाते, मग कुठे जाते, आणि कुठे अडकते. सगळ्यांचं झाल्यावर काढणाऱ्याने सांगायचं, मला काय दाखवायचं होतं. या दोन्हींत जेवढं अंतर, तेवढं त्याचं पुढच्या महिन्याचं काम. दुसरा नियम, "छान" म्हणायचं नाही. म्हणेल त्याने डब्यात 10 रुपये टाकायचे, त्यातून पोहे येतात. पहिल्या वर्षी पोह्यांची चंगळ होती, आता पदरचे घालावे लागतात.

त्या दिवशी सतरंजीवर धुक्यातल्या काळ्या आकृतीचे बारा-तेरा प्रिंट पडले. सात माणसांचे, पण कुणाचा कोणता हे ओळखू येईना. आणि मध्येच गुरुजींचे ते हात. खोलीत कुणी काही बोललं नाही. मग ज्याच्याकडे सगळ्यात महागडा कॅमेरा आहे तो म्हणाला, "गुरुजी, मी त्याच्यापासून शंभर मीटरवर होतो, तुम्ही किती होते?" गुरुजी म्हणाले, "हातभर." त्या रात्रीनंतर आमच्याकडे लेन्सचं बोलणं जवळजवळ थांबलं. मी भाषण देऊन ते थांबलं नसतं, आधी दिली होती भाषणं.

मोबाइल की कॅमेरा, हा वाद त्यामुळे मला फारसा कळत नाही. मोबाइलवाल्यांना चार गोष्टी शिकवा, ते तुमच्या डीएसएलआरवाल्यांना जागेवर आणतील. एक तर लेन्सची काच पुसायची. खिशातल्या मोबाइलवर तेलकट बोटांचा थर असतो, उन्हासमोर धरला की सगळं पांढुरकं होतं. निम्म्या लोकांचा फोटो एवढ्यानेच सुधारतो. दोन बोटांनी झूम करायचं नाही, पायाने करायचं. पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस लॉक होतो, मग बाजूला सूर्याचं चिन्ह येतं ते खाली ओढून उजेड कमी करायचा. आणि बैठकीला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे, नाही तर व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून बारीक करतं आणि फोटो पार बिघडतो.

कॅमेरावाल्यांना आमच्या तलावाने वेगळं शिकवलं. काळ्या पाण्यावर पांढरा बगळा असला की कॅमेरा त्या काळ्याला उजळ करायला जातो आणि बगळ्याची पिसं जळून नुसता पांढरा ठिपका उरतो. तिथे एक्स्पोजर एक स्टॉप खाली न्यायचं, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा उजेड निम्मा करायचा. धुक्यात उलटं, कॅमेरा धुकं राखाडी करतो, तिथे थोडं वर न्यायचं. हे पुस्तकात असतंच. पण त्याच तलावावर चौथ्यांदा गेलेला माणूस ते न विचारता करतो, कारण मागच्या बैठकीत त्याचाच बगळा जळालेला असतो.

वेळेचंही तसंच. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे सूर्य पावणेसातला उगवतो आणि नऊपर्यंत उजेड मऊ राहतो, तेव्हा आरामात जा. मेअखेर साडेपाचलाच उगवतो आणि साडेसातला सगळं संपलेलं असतं, नंतर काढाल ते पांढरंफटक. त्यात विदर्भाचा उन्हाळा, 45 अंशांत दुपारी गाडीत कॅमेरा ठेवला तर चूक तुमची. त्यापेक्षा मार्चअखेर-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायच्या वेळी जा. फुलं रात्री गळतात, लोक उजाडायच्या आधी टोपल्या घेऊन झाडाखाली येतात, जमीन फिकट पिवळ्या मण्यांनी भरलेली असते. पावसाळ्यात कॅमेरा बॅगेत चार महिने कोंडून ठेवू नका, लेन्सला बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, झालं.

आता एक चूक सांगतो, आमची. सारस पक्षी महाराष्ट्रात राहिलाय तो जवळजवळ सगळा गोंदिया जिल्ह्यात आणि लगतच्या पट्ट्यात. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीतच, पाण्यात गवताचा ढीग करून घरटं घालतो. बहुतेक दोन अंडी, नर-मादी आळीपाळीने महिनाभर उबवतात. आम्हाला एका शेतकऱ्याने असं घरटं दाखवलं. आम्ही लांबून, नीट, दहा मिनिटांत फोटो काढून निघालो. इथपर्यंत ठीक. पण आमच्यातल्या एकाने त्याच रात्री तो फोटो गावाच्या नावासकट फेसबुकवर टाकला. पुढच्या रविवारी बांधावर नऊ मोटरसायकली. लोक बांधीत उतरले, रोवलेला धान तुडवला, जोडी अंड्यांवरून उठून लांब जाऊन ओरडत राहिली. शेतकऱ्याने मला फोन केला. शिवी दिली नाही. म्हणाला, "भाऊ, तुमाले घरचं समजून दाखवलं जी." मी आजही त्या रस्त्याने जाताना गाडी हळू करत नाही.

अंडी वाचली, पिलं झाली, पण ते आमच्या पुण्याईने नव्हे. तेव्हापासून क्लबमध्ये घरटं, पिलं, बीळ यांचा फोटो काढत नाही, आणि कुठल्याही पक्ष्याच्या फोटोखाली गावाचं नाव नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करून ठेवायला लावतो, कारण गाव न लिहिताही फोटोच्या आत ते जाऊ शकतं. तुमच्या क्लबला लेखी नियम एकच करायचा असेल तर हा करा.

माणसांच्या बाबतीतही असंच काहीसं आहे, फक्त माणसं उडून जात नाहीत. रोवणीत वाकलेल्या बायकांचे मागून काढलेले फोटो आमच्याही पहिल्या वर्षी खूप आले. पुढे एका बैठकीत आमच्यातल्या एका ताईंनी तसा प्रिंट उचलला आणि एवढंच विचारलं, "हा तुमच्या घरी भिंतीवर लावाल?" विषय संपला. आता आधी बांधावर बसायचं, बोलायचं, विचारायचं, मग कॅमेरा बाहेर. वेळ जातो, पण समोरचा माणूस कॅमेऱ्याकडे बघून ताठ होत नाही. आणि फोटो परत द्यायचा. टोल्यावरची एक म्हातारी आम्हाला दर वेळी म्हणायची, "काढता अन् नेता, देता कधी जी?" तेव्हा आम्ही 40 प्रिंट घेऊन गेलो. ज्या पोरांना आधी हाकलावं लागायचं ती आता आमच्या बॅगा धरतात. तिच्या घरात तिचा एकटीचा दुसरा फोटो नव्हता, आधार कार्डावरचा सोडून.

वर्गणी, स्पर्धा आणि वर्कशॉप हे तुम्ही विचारलेले प्रश्न, त्यांना मात्र छोटी उत्तरं. वर्गणी घ्या, पण सहलीची नको, प्रिंटची घ्या. पैसे दिलेला माणूस आपला प्रिंट बघायला येतो. स्पर्धा आम्ही दोनदा घेतली. दोन्ही वेळा एक जण खूश झाला आणि अकरा रुसले, तालुक्याच्या गावात हे परवडत नाही. 19 ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन म्हणून जुन्या कॅमेऱ्याला हार घालायचा असेल तर घाला, मीही घालतो. वर्कशॉपला बाहेरचा माणूस बोलावला तर त्यालाही सहा प्रिंट आणायला सांगा आणि सतरंजीवर बसवा.

स्पर्धेपेक्षा प्रदर्शन करा, पण सभागृहात नको. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, दिवसा दंडार हा लोकनाट्याचा खेळ, रात्री नाटक. आम्ही मंडईच्या वाटेवर दोन झाडांना सुतळी बांधून चिमट्यांनी 60 प्रिंट लटकवले. लोक वाचत नाहीत, शोधतात. "हा आमचा मारुती", "हे बापूचे हात ना?" त्या ढिवराने स्वतःचे हात ओळखले आणि तो प्रिंट काढून घेऊन गेला. गुरुजी म्हणाले, विकला गेलेला माझा पहिला फोटो, फुकट. रात्री नाटक काढायचं असेल तर फ्लॅश बंद ठेवा, नटांच्या डोळ्यांवर येतो. स्वस्तातली 50 एमएम एफ 1.8 लेन्स, आयएसओ 3200, शटर 1/125 च्या आसपास, एवढ्यात निभतं.

वर्षातून एक लांबची सहल जरूर करा, पण बैठकींची सवय लागल्यावर. तुमच्यासाठी मी लोणार म्हणेन. जून 2020 मध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं तेव्हा आमच्या लोकांनी फार घाई केली होती. जायला मिळालं तोवर ते पुन्हा हिरवं. बरंच झालं. सगळ्यांनी गुलाबी पाणी काढलं असतं आणि घरी आले असते. विवर सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं, काठावर उभं राहून ते मोबाइलच्या वाइडमध्ये मावतं आणि महागड्या झूममध्ये मावत नाही, हाही फायदाच. गावातल्या दैत्यसूदन मंदिरात आत अंधार असतो आणि ट्रायपॉड लावावासा वाटतो, पण पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत त्याला परवानगी लागते. ती आधी काढा, नाही तर दारात वाद घालण्यात सकाळ जाते.

पण सुरुवातीची जागा लोणार नाही. दारव्ह्यात शकुंतला रेल्वेचं मोतीबाग स्टेशन तुमच्या उशाशी आहे. मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची गाडी, 1994 पर्यंत वाफेचं इंजिन, नंतर डिझेल, आणि आता गाडी बंद होऊन काही वर्षं झाली. तुमच्या गावात असे किती म्हातारे असतील ज्यांनी त्या गाडीने वऱ्हाड नेलं, कापसाच्या दिवसांत प्रवास केला. रेल्वेची जागा आहे, तेव्हा विचारून आत जा. मग वर्षभर तेच. पावसाळ्यात रुळांत उगवलेलं गवत, उन्हाळ्यात पत्र्याची सावली, कुणीतरी कधीकाळी खडूने लिहिलेलं. पहिल्या दोन महिन्यांत तुमचे सगळे रिकाम्या रुळांचे दूर जाणारे फोटो काढतील. काढू द्या, सतरंजीवर सगळे एकसारखे पडले की आपोआप कंटाळतील. मग कुणीतरी एखाद्या आजोबांना सोबत घेऊन येईल.

आणि चौघेच येतात म्हणता, तर चौघांची बैठक घ्या, 60 जणांची वाट बघू नका. ग्रुपवर फक्त वार, वेळ आणि "सहा फोटो, पोहे आहेत" एवढं टाका. आमच्या पहिल्या बैठकीला तिघे होतो, त्यातला एक पासपोर्ट फोटो काढायला आलेला गिऱ्हाईक होता. पोहे आहेत म्हणून थांबला. आता बैठकीचा दिवस तोच ठरवतो.